वजन घटवताना बिअरचा हिशेब : प्रकल्प नोंदी

२ जून

काम असं ठरलं : आम्ही दोघं, मी आणि बायको, वजन कमी करतोय. दोघांनाही आठवड्याच्या शेवटी थोडी पिण्याची सवय आहे, मला बिअर आणि तिला वाइन. ती सवय पूर्ण तोडायची नाही, पण तिचा हिशेब वजनाच्या योजनेबाहेरही राहू द्यायचा नाही. खाण्याच्या शीटमध्ये मद्याला स्वतःचा रकाना हवा. बहुतेक डाएट तक्त्यांत 'दारू टाळा' एवढी एक ओळ असते. ज्याला टाळायची आहे त्याला ती पुरते. जो शनिवारी पिणारच आहे, त्याच्या हाती त्या ओळीतून काही लागत नाही.

आज फक्त गणित बसवलं. एक ग्रॅम अल्कोहोलमधून ७ कॅलरी मिळतात. प्रथिनं आणि कर्बोदकांतून ४, चरबीतून ९. म्हणजे अल्कोहोल चरबीच्या जवळ बसतं, साखरेच्या नाही. बाटलीवर टक्का आकारमानाचा असतो आणि अल्कोहोल पाण्यापेक्षा हलकं, म्हणून सूत्र असं :

मिलिलिटर × टक्का ÷ १०० × ०.७८९ = अल्कोहोलचे ग्रॅम. त्याला ७ ने गुणलं की अल्कोहोलच्या कॅलरी.

३३० मिलिलिटर, ५ टक्क्यांची बिअर घेतली तर १३ ग्रॅम अल्कोहोल, म्हणजे ९१ कॅलरी. वर बिअरमध्ये उरलेली कर्बोदकं धरली की एकूण साधारण १४०. 'बिअरमध्ये साखर असते म्हणून वजन वाढतं' असं सर्रास ऐकू येतं. प्रत्यक्षात साध्या बिअरमधल्या दोन तृतीयांश कॅलरी अल्कोहोलच्याच असतात. हे पहिल्याच दिवशी शीटमध्ये दिसलं ते बरं झालं, कारण पुढचे बरेच निर्णय यावर उभे आहेत.

३ जून

पेयांची यादी भरली. सगळे आकडे ढोबळ आहेत, पण कामाला पुरतील असे.

५ टक्क्यांची ५०० मिलिलिटर बिअर : २१० च्या आसपास. तेवढीच पण ८ टक्क्यांची स्ट्राँग : तीनशेच्या वर. वाइन १५० मिलिलिटर, साडेबारा टक्के, गोड नसलेली : १२०. व्हिस्की, रम, व्होडका, जिन, काहीही असो, ४० टक्क्यांचं असेल तर ३० मिलिलिटरला ६६ आणि ६० ला १३३. डिस्टिल केलेल्या साध्या दारूत साखर येतच नाही, त्यामुळे व्होडकाच्या बाटलीवर 'शुगर फ्री' लिहिलं असेल तर त्यानं शीटमधला एकही आकडा बदलत नाही.

बदलतो तो सोबतच्या पेयामुळे. सोडा आणि पाणी शून्य. साधा कोला २०० मिलिलिटर म्हणजे ८० च्या वर. टॉनिक वॉटर चवीला कडवट लागतं, पण बहुतेक साध्या टॉनिकमध्ये साखर असते. फळांचे रस कोलाच्याच पंक्तीत. म्हणून शीटमध्ये 'पेय' आणि 'सोबत' असे दोन वेगळे रकाने ठेवले.

बाटलीवरच कॅलरी छापलेल्या असत्या तर यातलं निम्मं काम वाचलं असतं. युरोपीय संघाच्या २०११ च्या नियमांनी १.२ टक्क्यांवरच्या मद्याला पोषणमूल्यं छापण्यापासून सूट दिली होती. वाइनला ऊर्जेचा आकडा देणं डिसेंबर २०२३ पासून बंधनकारक झालं. बिस्किटाच्या पुड्यावर एवढे बारीक आकडे असतात आणि दारूच्या बहुतेक बाटल्यांवर टक्क्याखेरीज काही नाही, हे मला मुळीच पटत नाही. तोपर्यंत वरचं सूत्र वापरायचं.

७ जून

आज ओतण्याचं मोजमाप. तक्ता ६० मिलिलिटरचा असून उपयोग नाही. ग्लासात खरोखर किती पडतं ते बघायला हवं. स्वयंपाकघरातलं रेघा असलेलं मापाचं भांडं ओट्यावर ठेवलं. नेहमीचा रुंद बुडाचा ग्लास घेतला, नेहमीसारखाच अंदाजाने एक पेग ओतला आणि मग तो मापात रिकामा केला. रेघ ८५ वर. पुन्हा ओतला, पुन्हा ८० च्या पुढे. रुंद ग्लासात दोन बोटं उंचीचा थर जेमतेम वाटतो, पण तळ मोठा असल्याने माल जास्त असतो. मग तोच माल उभट, अरुंद ग्लासात ओतून पाहिला, तर तो जवळजवळ अर्ध्यापर्यंत आला. ८५ मिलिलिटर म्हणजे १८८ कॅलरी. तक्ता सांगतो १३३. एका पेगमागे ५५ चा फरक.

वाइनच्या ग्लासाचं याहून मोठं. तिच्या ग्लासाचं पोट जिथे सर्वांत रुंद आहे, तिथवर ओतलं तर १५० च्या बरंच पुढे जातं. तिने नेलपेंटने ग्लासाच्या बाहेरून १५० ला एक बारीक ठिपका दिला. मला हा उपाय फार आवडला. दर वेळी माप धुवायला नको आणि पिताना हिशेबाची कटकट नको.

बिअरला हा प्रश्नच येत नाही. कॅन किंवा लहान बाटली हेच माप. ज्याला हिशेब ठेवायचा आहे त्याने मोठी बाटली दोघांत वाटण्यापेक्षा लहान आणावी, एवढं माझं मत.

१२ जून

आज वाचन. 'दारूची चरबी होते' हे नक्की कसं, ते समजून घ्यायचं होतं.

अल्कोहोल शरीराला साठवता येत नाही. चरबीला कोठार आहे, साखरेला यकृतात आणि स्नायूंत थोडी जागा आहे, अल्कोहोलला कुठेच नाही, आणि ते विषारी असल्याने लवकर निकालात काढावं लागतं. यकृत त्याचं आधी अ‍ॅसिटाल्डिहाइड करतं, मग अ‍ॅसिटेट. हे अ‍ॅसिटेट रक्तातून सगळीकडे जातं आणि इंधन म्हणून जळतं. घरात नासणारी वस्तू आधी संपवतात आणि डब्यातलं धान्य तसंच राहतं, तसा हा क्रम. अ‍ॅसिटेट जळत असताना चरबी जाळण्याचं काम मागे पडतं.

१९९९ मध्ये सायलर आणि सहकाऱ्यांनी हे थेट मोजलं. निरोगी पुरुषांना २४ ग्रॅम अल्कोहोल दिलं, म्हणजे लहान दोन बिअरपेक्षाही थोडं कमी. त्यातलं ५ टक्क्यांहून कमी नव्या चरबीत बदललं. पण पुढचे काही तास शरीराचं चरबी जाळणं सुमारे ७३ टक्क्यांनी घसरलं. त्याआधी १९९२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये सुटर आणि सहकाऱ्यांनी २४ तासांचा हिशेब केला होता, त्यात चरबीचं ज्वलन साधारण एक तृतीयांशाने कमी झालं. मात्र त्यांनी दिवसाला सुमारे ९६ ग्रॅम अल्कोहोल दिलं होतं. तो आकडा आमच्यासारख्यांना तसाच लावता येणार नाही.

म्हणजे बिअर स्वतः पोटावर जाऊन बसत नाही. तिच्यासोबत जे खाल्लं, त्यातली चरबी त्या वेळात जळत नाही आणि कोठारात जाते. यकृत तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम अल्कोहोल निपटतं. ५०० मिलिलिटर बिअरला दोन-तीन तास लागतात. ते तास म्हणजे नेमके जेवणाचे आणि चखण्याचे.

आठवड्याच्या शेवटी घटलेलं-वाढलेलं ठरतं ते एकूण कॅलरींवरच, यात शंका नाही. पण मद्याचा रकाना एकटा बघून चालणार नाही, त्या रात्रीचं ताट शेजारी मांडायला हवं. हा या प्रकल्पातला सर्वांत महत्त्वाचा बदल ठरेल असं मला वाटतं. शीटमध्ये नवीन बेरीज जोडली : 'त्या रात्रीचे एकूण'.

१४ जून

मर्यादा ठरवण्याचा दिवस. बसलो दोघं.

माझा रोजचा खर्च साधारण २४०० कॅलरींचा. रोज ५०० कमी खायचं, म्हणजे आठवड्याची तूट ३५००. तिचा खर्च १८०० च्या आसपास. तिच्यासाठी ३०० ची तूट पुरे, आठवड्याला २१००. आता समजा दोघांनीही ठरल्या जेवणावर आठवड्यात ५०० मिलिलिटरच्या चार बिअर घेतल्या : ८४०. माझ्या तुटीतला जवळजवळ चौथा हिस्सा गेला. तिच्या तुटीतले ४० टक्के गेले.

"म्हणजे तुझ्याएवढंच प्यायचं म्हटलं तर माझं वजन फारच हळू हलेल," ती म्हणाली. अगदी बरोबर. आणि प्रश्न फक्त कॅलरींचा नाही. लहान शरीरात पाणी कमी. स्त्रियांच्या शरीरात त्याच वजनाच्या पुरुषापेक्षाही पाण्याचं प्रमाण कमी असतं, त्यामुळे तेवढ्याच पेयाने रक्तातलं अल्कोहोल जास्त चढतं. जोडप्यांनी 'एक तुला, एक मला' करत पिणं हे वजनाच्या दृष्टीनेही वाईट आणि एरवीही.

ठरलेलं : माझ्यासाठी आठवड्याला ३०० कॅलरींच्या आत, म्हणजे ३३० च्या दोन बिअर. तिच्यासाठी २५० च्या आत, म्हणजे १५० च्या दोन वाइन.

हे ३०० आणायचे कुठून, यावर बराच वेळ गेला. पहिली सूचना नेहमीची : त्या दिवशी दुपारचं जेवण सोडायचं. ती आम्ही फेटाळली. रिकाम्या पोटी अल्कोहोल झपाट्याने रक्तात जातं, भूक अनावर होते आणि वगळलं जातं ते नेमकं प्रथिनांचं ताट. वजन घटवताना प्रथिनंच स्नायू राखतात आणि पोट भरल्यासारखं ठेवतात. त्यांना हात लावायचा नाही. ३०० भागिले सात म्हणजे रोजचे ४३. एवढं म्हणजे स्वयंपाकातलं एक लहान चमचा तेल, किंवा चहा-कॉफीतली अडीच-तीन चमचे साखर. कपात तिथे, रोज, थोडी. हिशेब आठवड्याचा ठेवण्याचा हा फायदा : शनिवारची किंमत एकट्या शनिवारच्या ताटाला मोजावी लागत नाही.

दुसरा नियम याच्याच पाठीला पाठ लावून लिहिला, कारण आठवड्याच्या हिशेबात एक पळवाट आहे. या आठवड्यात प्यायलं नाही म्हणून पुढच्या आठवड्यात दुप्पट, असं चालणार नाही. कॅलरी पुढे ढकलता येतात, यकृताची ताकद ढकलता येत नाही. न प्यायलेलं बाद.

२१ जून

चखण्याची नोंद. बिअर दोन, २८०. मध्ये ठेवलेले खारे शेंगदाणे. पुडा तसाच समोर असता तर शंभर ग्रॅम सहज संपले असते, आणि शंभर ग्रॅम भाजक्या शेंगदाण्यांत जवळजवळ ६०० कॅलरी असतात. म्हणजे दोन्ही बिअरच्या दुप्पट. बटाट्याचे वेफर्स शंभर ग्रॅमला पाचशेच्या वर. आपण बिअरला दोष देतो आणि वाटीला विसरतो.

प्यायल्यावर भूक वाढते हा नुसता इच्छाशक्तीचा प्रश्न नाही. २०१७ मध्ये 'नेचर कम्युनिकेशन्स'मध्ये उंदरांवरचं एक काम आलं होतं. मेंदूतल्या ज्या पेशी उपाशी असताना भुकेचा इशारा देतात, त्याच पेशी अल्कोहोलने जाग्या झाल्या आणि उंदीर जास्त खाऊ लागले. त्या पेशी बंद ठेवल्यावर ते जास्तीचं खाणं थांबलं. पोटात इंधन गेलंय आणि मेंदू म्हणतोय उपासमार. माणसांवरच्या प्रयोगांतही जेवणाआधी घेतलेल्या मद्याने जेवण वाढतं हे पुन्हा पुन्हा दिसलं आहे.

म्हणून क्रम उलटा केला : आधी पूर्ण जेवण, प्रथिनं ताटात असलेलं, मग पहिला घोट. चखणा हवाच असेल तर लहान वाटीत, ३० ग्रॅम मोजून, आणि पुडा पुन्हा कपाटात. काकडी, गाजर, उकडलेली अंडी यांना मोकळीक. आज तसं केलं. दुसरी बिअर अर्ध्यावर नकोशी वाटली. भरल्या पोटी ती फार जड लागते.

२२ जून

सकाळी वजनकाटा शुक्रवारपेक्षा ७०० ग्रॅम खाली. खूश होण्यासारखं काही नाही. अल्कोहोल व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक दाबतं, मूत्रपिंडं पाणी धरून ठेवत नाहीत, आणि गेलं ते पाणीच. खारट खाणं जास्त झालं असेल तर याच्या उलट, एक-दोन दिवस काटा वर. दोन्ही आकडे चरबीबद्दल काहीच सांगत नाहीत. शीटमध्ये रोजचं वजन फिकट केलं आणि सात दिवसांची सरासरी ठळक.

२८ जून

झोप आणि व्यायाम. अल्कोहोलने झोप लवकर लागते, पण रात्रीच्या उत्तरार्धात ती तुटते, आणि स्वप्नांच्या झोपेचा वाटा कमी होतो. कमी झोपलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी गोड-तळलेलं जास्त खावंसं वाटतं, शिवाय तो हलतोही कमी. माझ्या पावलांच्या नोंदीत रविवारचा खड्डा स्पष्ट दिसतो. त्याला मद्याच्या रकान्यात कॅलरींचा आकडा देत बसलो नाही, कारण तो आकडा बनवलेला ठरेल. पण वेळ बदलली : शेवटचा घोट झोपेच्या किमान तीन तास आधी. जेवण लवकर घेतलं की हे जमतं.

वजनं उचलण्याच्या दिवशी पिणं बंद. ऑस्ट्रेलियातल्या पार आणि सहकाऱ्यांचं २०१४ चं काम आहे : जोरकस व्यायामानंतर प्रथिनांसोबत अल्कोहोल दिल्यावर स्नायूंत नवी प्रथिनं घडणं २४ टक्क्यांनी घटलं, प्रथिनांऐवजी कर्बोदकं दिल्यावर ३७ टक्क्यांनी. तिथला डोस मोठा होता, किलोमागे दीड ग्रॅम. आमच्या एका बिअरने तेवढं नुकसान होणार नाही हे उघड आहे. पण आठवड्यात सात संध्याकाळी आहेत. त्यातली नेमकी तीच कशाला निवडायची?

५ जुलै

पर्यायांची तपासणी.

लाइट बिअर, ४ टक्क्यांची, ३३० मिलिलिटर : ९० ते १००. खरी बचत, कारण अल्कोहोलच कमी. 'लो कार्ब' लिहिलेली पण ५ टक्क्यांचीच बिअर : ती शंभराच्या खाली फारशी उतरूच शकत नाही, ९१ तर अल्कोहोलचेच आहेत. टक्का आधी वाचायचा, बाकीचं लेबल नंतर.

अल्कोहोलविरहित बिअर : ३३० ला साधारण ६० ते ९०. शून्य नाही, पण भूक, झोप, चरबीचं ज्वलन हे सगळे प्रश्न एकदम मिटतात. मला ती दुसऱ्या बिअरच्या जागी चालली. तिला वाइनमध्ये निम्मा सोडा आणि बर्फ आवडलं. ७५ मिलिलिटर वाइनमध्ये मोठा ग्लास भरतो आणि ६० कॅलरींत काम होतं.

डाएट कोला सोबत घेतल्यास कॅलरी वाचतात, पण एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. २०१३ मध्ये अमेरिकेत मार्चिन्स्की आणि स्टॅमेट्स यांनी तेवढीच व्होडका साखरेच्या आणि बिनसाखरेच्या पेयातून दिली. बिनसाखरेच्या पेयात श्वासातलं अल्कोहोल सुमारे १८ टक्क्यांनी जास्त चढलं, आणि पिणाऱ्यांना स्वतःत काही फरक जाणवला नाही. साखर पोटाला रेंगाळायला लावते. ती नसेल तर अल्कोहोल लवकर पुढे सरकतं. डाएट पेयासोबत म्हणूनच पेग लहान, आणि गाडीच्या किल्लीला हात नाही.

१२ जुलै

दादाने शीट मागितली. त्याला मधुमेह आहे, इन्सुलिन चालू आहे, वजनही कमी करायचंय.

"दादा, शीट देतो, पण मद्याचा रकाना काढून. तो आधी डॉक्टरांना विचार," असं मी त्याला सांगितलं. तो जरा हिरमुसला. मग फोनवर सविस्तर बोललो. यकृत अल्कोहोल निपटत असताना नवी साखर बनवण्याचं त्याचं काम मंदावतं. इन्सुलिन किंवा सल्फोनिलयुरिया गटातल्या मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्याची साखर त्यामुळे धोकादायक खाली जाऊ शकते, तीही कित्येक तासांनी, झोपेत किंवा दुसऱ्या सकाळी. आणि साखर घसरलेला माणूस बाहेरून प्यायलेल्यासारखाच दिसतो : अडखळतं बोलणं, घाम, तोल जाणं. शेजारचे म्हणतात झोपू दे. त्यात जेवण कमी केलेलं असेल तर आणखी भर. "एवढं कुणी सांगितलंच नव्हतं रे," तो म्हणाला. पुढच्या भेटीत विचारतो म्हणालाय.

शीटच्या पहिल्या पानावर आज ठळक लिहिलं, आणि यातल्या कशावरही तडजोड नाही : गरोदरपण, यकृताचा आजार, अल्कोहोलशी जुळत नसलेली औषधं, वजनाची शस्त्रक्रिया झालेली, किंवा एकदा सुरू केलं की थांबता येत नाही असं ज्याला माहीत आहे, त्यांच्यासाठी ही शीट नाही. पिण्यासाठी जेवणं वगळणं सुरू झालं असेल तर हिशेब थांबवून कुणाशी तरी बोलावं.

जे पीत नाहीत त्यांनी यातलं काही वाचून सुरुवात करू नये. जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था मद्याला १९८८ पासून पहिल्या गटात, म्हणजे माणसात कर्करोग निश्चित करणाऱ्या गोष्टींत ठेवते, आणि जानेवारी २०२३ मध्ये संघटनेने स्पष्ट सांगितलं की मद्याचं आरोग्याला सुरक्षित असं प्रमाण नाही. माझ्या दोन बिअर तब्येतीसाठी नाहीत, आवडीसाठी आहेत. शीटमध्येही रकान्याचं नाव 'आवड' असंच केलं.

१९ जुलै

दोघांच्याही सात दिवसांच्या सरासरीची रेघ उतरती आहे, तिची हळू, पण ठरवल्याएवढी. न प्यायलेल्या आठवड्यांत आणि दोन पेयांच्या आठवड्यांत उतार जवळपास सारखाच दिसतो. जिथे रेघ आडवी झाली, तिथे 'त्या रात्रीचे एकूण' उघडून पाहिलं, तर दर वेळी फुगलेला आकडा खाण्याचा होता.

आता एक दुरुस्ती. वजन उतरलं की शरीराचा रोजचा खर्चही उतरतो. लहान शरीर चालवायला कमी इंधन लागतं. नवी वजनं घातल्यावर माझा अंदाज २४०० वरून २३२० वर आला, तिचा १८०० वरून १७५० वर. जेवण तेच ठेवलं तर तूट आपोआप आकसते. म्हणून मर्यादाही खाली आणली : माझी दुसरी बिअर आता अल्कोहोलविरहित, तिची दुसरी वाइन १०० मिलिलिटरची, ८० कॅलरी. ग्लासावर दुसरा ठिपका तिने आज दिला, वेगळ्या रंगाचा.

पुढचं काम शीटमध्येच आहे : वजन बदललं की दोन्ही मर्यादा स्वतःहून बदलतील असं सूत्र त्या रकान्यांत बसवायचं. रविवारी करतो.